दोनशे मिनिटांचा हिशोब

चाळीस पंचे दोनशे. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा येत्या हंगामाचा अंदाज बांधायचा तर सुरुवात या पाढ्यापासून करावी. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि मैदानात एका वेळी पाच खेळाडू, म्हणजे एका सामन्यात संघाला २०० मिनिटं भरून काढायची असतात. ती कोण भरणार, किती भरणार आणि त्यातली किती मिनिटं भरवशाची, हे आधी ठरवावं. उंची, जोश, गेल्या वर्षीचा चषक यांची चर्चा त्यानंतर.

दारव्हा, दिग्रस, मानोरा, कारंजा या पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजात जून-जुलैत गेलात तर हाच हिशोब उलट्या बाजूनं चाललेला दिसतो. सहा फूट दोन इंचांच्या एका पोट्ट्यानं बी. ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला असतो आणि तेवढ्यावर चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो, "यंदा टीम लय जबरी हाये, सर." तो उंच मुलगा चेंडू पकडू शकतो का, तीन फाउलनंतर किती वेळ मैदानात टिकेल आणि ऑक्टोबरात तो स्पर्धेला येऊ शकेल की घरच्या सोयाबीनच्या सोंगणीत असेल, हे कोणी विचारत नाही. तालुक्याच्या कॉलेजचा संघ बहुतेक वेळा याच तीन प्रश्नांवर हरतो.

हिशोबासाठी गेल्या हंगामाची नोंद लागते, आणि तिथंच पहिली अडचण येते. सामन्याची अधिकृत स्कोअरशीट कॉलेजच्या फायलीत जपून ठेवलेली असते, पण तिच्यात गुण, फाउल आणि टाइमआउट एवढंच सापडतं. चुकलेला शॉट तिच्यात नसतो, रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर उसळलेला चेंडू कोणी पकडला ते नसतं, हातून गेलेला चेंडू नसतो. कोण किती मिनिटं खेळला हेही तिच्यावरून नीट कळत नाही. म्हणजे जो मुलगा २० शॉट मारून १४ गुण करतो तो स्कोअरशीटवर संघाचा हिरो, आणि जो तीन सामन्यांत एकदाही चेंडू न गमावता तो पुढे नेऊन देतो त्याच्या नावासमोर चार गुण. बाकावर बसलेल्या एका खेळाडूच्या हातात दोनशे पानी वही द्यावी. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे मैदानात आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ, मारलेले आणि लागलेले शॉट, रिबाउंड, आणि गमावलेले चेंडू. चार रकाने पुरतात. पाचवा केला की मुलगा सामना बघत बसतो आणि वही कोरी राहते.

अशी वही असेल तर चित्र कसं दिसतं ते एका नमुन्यावर बघू. गेल्या वर्षी मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा, सरासरी ३६ मिनिटं खेळला, बाहेरून शॉट मारणारा २८, कबड्डीतून आलेला बचावपटू ३०, रिंगखाली खेळणारा उंच सेंटर २६, दोन फॉरवर्ड २४ आणि २०, त्यानंतरचे दोघं १४ आणि १२, आणि उरलेल्या चौघांत मिळून १०. बेरीज २००. यातला गार्ड आणि शूटर तिसरं वर्ष संपवून गेले. म्हणजे ६४ मिनिटं गेली, १३६ उरली. शेकडा ६८. वरवर पाहता हे बरं आहे. तालुक्याच्या कॉलेजात अर्धा संघ एका वर्षात उडून जाणं नवीन नाही. कोणी पुण्याला कंपनीत लागतो, कोणी नागपुरात एम. ए.ला जातो, कोणी भरतीच्या अकादमीत.

पण सगळी मिनिटं सारख्या मोलाची नसतात. गेलेल्या ६४ पैकी ३६ मिनिटं चेंडू हातात असलेल्या माणसाची होती, आणि ग्रामीण संघाचा कणा तोच असतो. सेंटर गेला तर २-३ झोन लावून, म्हणजे दोघं पुढे आणि तिघं रिंगजवळ आपापली जागा राखून, काही काळ झाकता येतं. शूटर गेला तर आत घुसून खेळता येतं. चेंडू पुढे नेणारा गेला की समोरचा संघ पूर्ण मैदानभर प्रेस लावतो, म्हणजे मागच्या रेषेपासूनच अंगावर येऊन अडवतो, आणि आपल्या पोरांना अर्धी रेषा ओलांडता येत नाही. नियमानं ८ सेकंदांत चेंडू पुढच्या अर्ध्यात गेला पाहिजे आणि २४ सेकंदांत शॉट रिंगला लागला पाहिजे. शहरातल्या संघाला हे पक्कं ठाऊक असतं की गावाकडच्या संघाला झोनमध्ये हरवायला वेळ लागतो आणि प्रेसमध्ये पाच मिनिटं पुरतात. पहिल्या क्वार्टरला २२-६ असा फलक दिसतो तो बहुधा यामुळे. शॉट लागत नव्हते म्हणून नव्हे, शॉटपर्यंत पोचताच आलं नाही म्हणून.

म्हणून नव्या मुलांची पहिली चाचणी ही घ्यावी. मुलाला मागच्या रेषेशी चेंडू द्यायचा, समोर दोन बचावपटू सोडायचे आणि ८ सेकंदांत त्यानं एकट्यानं अर्ध्या रेषेपलीकडे जायचं. दहा वेळा. मग तेच दहा वेळा, पण एक साथीदार देऊन, म्हणजे त्याला पास करून सुटायचा मार्ग आहे. पहिल्या दहात चार वेळा सुटला तरी मुलगा चांगला. दुसऱ्या दहात आठाच्या खाली आला तर तो गार्ड नाही, कितीही चपळ असो. पहिल्यात चांगला आणि दुसऱ्यात वाईट असा मुलगा हमखास सापडतो. त्याला ड्रिबल येतो पण मान वर करता येत नाही. तो सहा आठवड्यांत सुधारतो. उजव्या हाताशिवाय चेंडू न चालणारा मुलगा मात्र एका पावसाळ्यात सुधारत नाही. समोरचा दोन मिनिटांत ओळखतो आणि त्याला डाव्या कडेला ढकलत नेतो.

टर्नओव्हरवर, म्हणजे शॉट न मारताच चेंडू गमावण्यावर, इतका जोर का, ते आकड्यांत सांगतो. समजा एका सामन्यात आपल्याकडे ७० वेळा चेंडू आला आणि २५ वेळा शॉट न मारताच गेला. उरले ४५ शॉट. दोन गुणांचे धरले आणि शंभरात ४० लागले तर ३६ गुण. आता टर्नओव्हर पाचाने कमी केले तर ५० शॉट, ४० गुण. उलट टर्नओव्हर तेवढेच ठेवून नेम चाळिसाचा पंचेचाळीस केला तर साडेचाळीस गुण. दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच. पण नेम पाच टक्के वाढवायला वर्ष जातं, आणि पाच टर्नओव्हर कमी करायला जुलै ते सप्टेंबरचा सराव पुरतो. तरीही आपल्या मैदानांवर सरावाचा बहुतेक वेळ रिंगखाली रांग लावून ले-अप, म्हणजे धावत येऊन जवळून टाकायचे शॉट, मारण्यात जातो. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शॉटची पारख करण्याआधी एक काम करावं, फार थोड्या ठिकाणी होतं ते. टेप घेऊन मैदान मोजावं. रिंगची कड जमिनीपासून ३.०५ मीटर हवी. सिमेंटवर दुसरा थर ओतला की ती आपोआप खाली येते, मुरमाचं मैदान पावसानं खचलं की वर जाते. चार-पाच सेंटिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, शॉटच्या कमानीला दिसतो. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर कोणी न अडवता मिळणाऱ्या शॉटची, रेषा बोर्डाच्या दर्शनी पृष्ठापासून ४.६० मीटरवर हवी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तीन गुणांची रेषा. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले. ही रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगखालचा समलंब पट्टा जाऊन तिथे ४.९० मीटर रुंदीचा आयत आला. जुन्या मैदानावर अजून जुनेच पट्टे दिसत असतील तर तिथं "दहात चार थ्री मारतो" म्हणणारा मुलगा प्रत्यक्षात अर्धा मीटर आतून मारत असतो. स्पर्धेच्या मैदानावर त्याचा तोच शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो आणि मुलगा समजतो की आज हात चालत नाही. कोपऱ्यात ही रेषा थोडी जवळ, ६.६० मीटरवर येते. हात कमी पोचणाऱ्या शूटरला कोपराच द्यावा.

बोर्डाचंही तसंच. लोखंडी पत्र्याचा किंवा भिजून फुगलेल्या प्लायचा बोर्ड चेंडू मेल्यासारखा खाली टाकतो. त्यावर शिकलेली मुलं बोर्डाचा शॉट जोरात मारतात. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात ॲक्रिलिक किंवा काचेच्या बोर्डावर तोच शॉट रिंगच्या पलीकडे जातो. चेंडूची हवाही बघावी. १.८० मीटरवरून सोडल्यावर त्याचा माथा साधारण १.२० ते १.४० मीटरपर्यंत वर आला पाहिजे. मुरमावर चेंडू कसाही उसळतो म्हणून मुलं हवा कमी ठेवतात, मग कमी हवेच्या चेंडूची सवय लागते आणि लाकडी कोर्टवर चेंडू हातातून वर निसटतो. शक्य असेल तर स्पर्धेआधी निदान दोन दिवस बंदिस्त कोर्टवर सराव मिळवावा. बरेच टर्नओव्हर त्या अनोळखी उसळीमुळे होतात.

फ्री थ्रोच्या चाचणीत एक चूक सगळीकडे दिसते. वीस थ्रो मारायला लावतात, बारा लागले की "साठ टक्के" लिहून मोकळे. वीस थ्रोंतून काही कळत नाही. त्या मुलाचा खरा नेम चाळिसाच्या आसपासही असू शकतो आणि ऐंशीच्या आसपासही. शंभर थ्रोंत साठ लागले तर तो पन्नास ते सत्तरच्या मध्ये आहे असं जरा भरवशानं म्हणता येतं. शंभरही एका दमात नकोत. चार सकाळी पंचवीस-पंचवीस, आणि तेही धावून आल्यावर दोन-दोन करून. सामन्यात मुलगा दमलेला असतो आणि त्याला बहुतेकदा दोनच थ्रो मिळतात. उभ्या-उभ्या सलग दहा मारणारा वेगळा, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये धापा टाकत दोन मारणारा वेगळा. संघाची शेवटची तीन मिनिटं कोणाच्या हातात द्यायची ते या आकड्यावर ठरवावं. साठ टक्क्यांचा मुलगा दोन थ्रोंमागे सरासरी १.२ गुण देतो. मघाच्या चाळीस टक्क्यांच्या शॉटला ०.८ पडतात, आणि तीन गुणांच्या शॉटला शंभरात तीस लागले तर ०.९. म्हणून फाउल ओढून रेषेवर जाणारा आडदांड फॉरवर्ड हा देखण्या शूटरपेक्षा बऱ्याचदा जास्त कामाचा असतो.

आता नवे कुठून येतात? शहरातल्या कॉलेजला शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालच्या गटांत खेळून आलेले तयार खेळाडू मिळतात. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आहे, तिथं खेळ हवेतच असतो. मानोऱ्याच्या मुलाच्या वाट्याला आलेलं असतं कबड्डीचं मैदान, खो-खोचे खांब, व्हॉलीबॉलची जाळी आणि भरतीची धाव. त्यामुळे आपल्याकडे परीक्षा "बास्केटबॉल येतो का" ही नसते. कोणत्या खेळातून आलेला मुलगा काय घेऊन येतो आणि काय विसरायला लावावं लागतं, हे जाणणं हीच खरी पारख.

कबड्डीचा मुलगा हा माझ्या मते सगळ्यात मोठा ठेवा. गुडघ्यात वाकून बाजूला सरकणं त्याच्या अंगात असतं. बास्केटबॉलचा बचाव म्हणजे नव्वद टक्के तेच. त्याला ढकलाढकलीची भीती नसते. पण कबड्डीत पकडलं की गुण आणि इथं पकडलं की फाउल. पहिला महिना तो दर दुसऱ्या मिनिटाला समोरच्याच्या कमरेला हात लावतो. पाच वैयक्तिक फाउल झाले की बाहेर, आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. उपाय साधा आणि खरोखर चालतो. सरावात त्याच्या दोन्ही हातांत एकेक टेनिस बॉल द्यायचा आणि बचाव करायला लावायचं. हात भरलेले असले की पकडता येत नाही, पाय आपोआप काम करू लागतात.

खो-खोत पळतीच्या बाजूनं खेळलेला मुलगा हुलकावणीत पटाईत असतो. चेंडूशिवाय मोकळं होणं त्याला शिकवावं लागत नाही, म्हणून प्रेस फोडायला दुसरा साथीदार तोच असावा. त्याची अडचण नजरेची. पाठीमागचा बघत पळायची सवय, चेंडू बघत पळायची नाही, आणि पास छातीवर येऊन आदळतो.

व्हॉलीबॉलचा मुलगा उडी घेऊन येतो आणि उडीचं गणितही, म्हणजे चेंडू कुठं खाली येणार हे त्याला आधी कळतं. पण मध्ये जाळी असलेल्या खेळात अंगाला अंग लागत नाही, त्यामुळे रिबाउंडच्या वेळी समोरच्याला पाठीवर घेऊन अडवून धरणं हे त्याला सुचतच नाही. तो उंच उडतो आणि त्याच्या पुढे सरकलेला पाच फूट आठ इंचांचा मुलगा चेंडू घेऊन जातो. शॉट अडवतानाही तो स्मॅश मारल्यासारखा चेंडू मैदानाबाहेर फेकतो, आणि चेंडू पुन्हा समोरच्यांनाच मिळतो. त्याला सांगावं, थोपव आणि हातात घे.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलाबद्दल जास्त सावध राहावं. पोलीस भरतीत १६०० मीटर धाव, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण असतात, त्यामुळे ही मुलं सरळ रेषेत सुंदर धावतात. दम प्रचंड, थांबता मात्र येत नाही. ले-अपला येताना पाचव्या पावलावर त्यांना चेंडू आठवतो. शिवाय धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते. त्या बुटांनी सिमेंटवर आडवी कट मारली की घोटा मुरगळतो. साधा मुरगळला तरी दोन आठवडे, जास्त ताणला तर सहा. ज्याचा घोटा आधी मुरगळलेला आहे त्याचा पुन्हा मुरगळण्याचा धोका जास्त, म्हणून प्रत्येकाला डोळे मिटून एका पायावर अर्धा मिनिट उभं करावं. दोन पायांत ठळक फरक दिसला तर त्या खेळाडूची मिनिटं वहीत पेन्सिलीनं लिहावीत, शाईनं नकोत.

उंच मुलाकडे परत येऊ. उंची मोजण्यापेक्षा त्याला भिंतीशी उभं करून खडूनं हाताचा पल्ला मोजावा. सारख्या उंचीच्या दोघांत पल्ल्याचा फरक आठ-दहा सेंटिमीटरचा निघतो. मग सलग तीन उड्या मारायला लावून तीन खुणा बघाव्यात. पहिली सगळ्यांचीच चांगली असते. रिबाउंड दुसऱ्या-तिसऱ्या उडीत मिळतो. आणि त्याची मिनिटं फाउलवरून मोजावीत. दर सहा मिनिटांना एक फाउल करणारा सेंटर तीस मिनिटांत बाहेर जातो. प्रत्यक्षात तिसऱ्या फाउलनंतर त्याला बाकावर बसवावंच लागतं, म्हणून तो तीस नव्हे, बावीस-चोवीस मिनिटांचा खेळाडू. कागदावर त्याची पस्तीस मिनिटं धरणारा अंदाज तिथंच चुकतो.

दमाची चाचणी रेषांवरची घ्यावी. मागच्या रेषेपासून जवळच्या फ्री थ्रो रेषेपर्यंत जाऊन परत, मग अर्ध्यापर्यंत, मग पलीकडच्या फ्री थ्रो रेषेपर्यंत, मग पूर्ण २८ मीटर जाऊन परत. एकूण १४० मीटर. तीस सेकंदांच्या आसपास आला तर उत्तम. पण एकदाच नको, दीड मिनिटाच्या विश्रांतीनं तीनदा. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत तीन सेकंदांहून जास्त फरक असेल तर त्या मुलाला वीस मिनिटांच्या वर देऊ नये. स्पर्धा बाद पद्धतीची असेल आणि सकाळी-दुपारी दोन सामने आले तर दोनशेची चारशे मिनिटं होतात. पाच चांगल्या खेळाडूंचा संघ सकाळी जिंकतो आणि दुपारी हरतो. आठ बऱ्या खेळाडूंचा संघ दुपारीही उभा असतो.

इथवर खेळाचं झालं. आता वावराचं, आणि हे शहरातल्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकवत नाहीत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा ओसरल्यावर येतात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी, लगेच हरभऱ्याची पेरणी, आणि त्यातच हिवाळी परीक्षा. घरात पाच-सहा एकर सोयाबीन आणि मजूर मिळत नाही, अशा वेळी मुलानं तीन दिवस स्पर्धेला जावं असं बापाला सांगणं सोपं नसतं, आणि मुलाला त्यावरून टाकून बोलणं अन्यायाचं आहे. जुलैतच विचारून घ्यावं, वावर किती, पेरलं काय, भाऊ आहे का घरी. शक्य तर घरी जाऊन वडिलांशी बोलावं. "काका, स्पर्धेचे तीन दिवस द्या, त्याआधीच्या आठवड्यात सराव सकाळी साडेसहाला संपवतो" एवढं ठरलं तरी माणूस शब्द पाळतो. न विचारता ऐनवेळी बोलावलं तर नकार ठरलेला. ज्याचं येणं निम्मं खात्रीचं, त्याची चोवीस मिनिटं हिशोबात बाराच धरावीत आणि उरलेल्या बारांसाठी दुसरा तयार ठेवावा.

मुलींच्या संघाचा हिशोब हाच, पण जागा वेगळ्या ठिकाणी अडते. चेंडू सहा नंबरचा, थोडा लहान आणि हलका. मुलांच्या सात नंबरच्या चेंडूनं सराव करून घेणं हे सर्रास चालतं आणि त्यामुळे शॉट खांद्यावरून फेकायची वाईट सवय लागते, जी पुढे सुटत नाही. संख्या बहुधा सात-आठच असते. सातांत पाच फाउलनं दोघी बाहेर गेल्या की उरल्या पाच, कोणाला दम घ्यायला बाहेर काढता येत नाही. म्हणून मुलींच्या संघात फाउल न करता बचाव करणारी खेळाडू गुण करणारीपेक्षा आधी निवडावी. आणि सराव संध्याकाळी ठेवू नये. साडेपाचची एस. टी. गेली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही, आणि दोनदा उशीर झाला की घरून खेळ बंद होतो. तासिकांच्या मधला अकरा-बाराचा वेळ ऑगस्ट-सप्टेंबरात ढगाळ असतो, तो मिळवावा. खेळू इच्छिणाऱ्या पंधरा मुली त्या एका बदलानं आठांच्या जागी मैदानावर दिसू शकतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रवेशाची पावती, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, प्राचार्यांची सही. आणि वय १ जुलैला १७ ते २५ च्या आत. गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते ऑगस्टमध्येच बघावं. चांगला खेळाडू अर्जातल्या वडिलांच्या नावामुळे प्रेक्षकांत बसतो, तेव्हा २०० मिनिटांचा सगळा मेळ कोसळतो.

तर नमुन्याच्या संघाची ६४ मिनिटं भरून बघू. बचावपटू ३० वरून ३२ ला जाईल, त्याहून जास्त नाही, कारण हात अजून सुटतात. दोन फॉरवर्ड २४ चे २८ आणि २० चे २४. बाकावरचे दोघं १४ चे २० आणि १२ चे १६. सेंटर फाउलमुळे २६ वरच. शेवटच्या चौघांपैकी दोघंच ठेवायचे, त्यांची मिळून १० तशीच. सगळी ओढाताण करून २० मिनिटं वाढली. ४४ उरली, ती नव्यांनीच भरायची. म्हणजे पाचातलं एकाहून जास्त मिनिट अशा मुलांच्या हातात, ज्यांनी विद्यापीठाची स्पर्धा बघितलेलीही नाही. त्यातली २४ नव्या गार्डला, १२ व्हॉलीबॉलच्या मुलाला, ८ खो-खोच्या.

असा संघ बचावात गेल्या वर्षीइतकाच राहील, कारण बचावातली माणसं तीच आहेत. आक्रमणात सुरुवातीला मागे पडेल. पहिली फेरी दुसऱ्या तालुक्याच्या संघाशी पडली तर जिंकावी. अमरावती किंवा अकोल्याच्या तयार संघाशी पडली तर सगळं त्या २४ मिनिटांच्या गार्डवर, आणि तो बाकावर बसेल त्या १६ मिनिटांवर. ती १६ मिनिटं चेंडू कोण नेणार याचं उत्तर पोळ्यापर्यंत मिळालं पाहिजे. मी थोरल्या फॉरवर्डला नेऊ देईन. तो सावकाश नेतो पण गमावत नाही, आणि आठ सेकंद सावकाश माणसालाही पुरतात. गार्डच्या विद्यापीठ निवडीची शक्यता असेल तर त्याला तसं स्पष्ट सांगावं. विद्यापीठाच्या संघातल्या खेळाडूला मिळणाऱ्या कलर कोटची आशा आणि पुढे नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, यासाठी मुलगा पहाटे साडेपाचला सायकलनं आठ किलोमीटर येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

राहिली बारावी जागा. ती बहुतेकदा तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला जाते, इतकी वर्षं आला म्हणून. माझं मत वेगळं आहे. ती त्या सहा फूट दोन इंचांच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला द्यावी, यंदा त्याला एकही मिनिट मिळणार नाही हे सांगून. त्याला वही धरायला लावावी, सामन्याआधीच्या सरावात सेंटरसमोर उभं करावं, रोज शंभर वेळा दोन हातांनी चेंडू पकडायला लावावा. सेंटरचं हे शेवटचं वर्ष आहे. पुढच्या जूनमध्ये त्याची २६ मिनिटं रिकामी होणार आहेत. कॉलेजच्या कपाटात जर्सी अजून जुन्या पद्धतीनं ४ ते १५ नंबरच्याच असतील, तर १५ नंबरची त्याच्या मापाला उसवून घ्यायला आत्ताच शिंप्याकडे टाकावी.